वाट शोधणारा शिक्षक : स्वामी रामानंद तीर्थ

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रतिमेला हार घालतो. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हटला की निजाम, रझाकार, पोलीस अ‍ॅक्शन आणि भगव्या वस्त्रांतील स्वामीजी हे सारे ठरलेल्या क्रमाने भाषणांत येते. त्याग, निष्ठा, तपश्चर्या हे शब्द इतक्या वेळा कानांवर पडतात की, ज्या माणसाविषयी ते वापरले जातात तो कधीकाळी सतरा-अठरा वर्षांचा विद्यार्थी होता आणि पुढे काय करायचे हा प्रश्न त्यालाही पडला होता, हे आपल्या ध्यानातच येत नाही. या लेखात मी स्वामीजींच्या राजकारणाविषयी थोडे आणि त्यांच्या शिक्षणाविषयी, पेशाविषयी जास्त लिहिणार आहे.

असे लिहावेसे वाटण्याचे कारण सांगतो. प्रथम वर्षाला असताना सरांनी एकदा वर्गात प्रत्येकाला उभे करून कला शाखा का घेतली, असे विचारले होते. कोणी म्हणाले मार्क कमी पडले, कोणी म्हणाले कॉलेज गावाहून एस.टी.ने येण्याजोगे आहे, कोणी म्हणाले स्पर्धा परीक्षेला ही शाखा बरी पडते. दोघीतिघींनी डी.एड.चे नाव घेतले. घरचे लोक कारखान्यावर गेलेले, मागे जनावरे आणि धाकटी भावंडे सांभाळायची, म्हणून रोज हजेरी न लागणारी शाखा घेतली, असेही एकाने प्रांजळपणे सांगितले. मला हे आवडते म्हणून मी हे घेतले, असे म्हणणारे फार थोडे निघाले. दिवाळीच्या सुमाराला ज्या जिल्ह्यातून हजारो कोयते उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, तेथे आवड हा शब्द थोडा चैनीचा वाटतो, हे मला मान्य आहे. तरीही त्या दिवसापासून ज्यांनी आपली वाट स्वतः धुंडाळली अशा माणसांची चरित्रे मी वाचू लागलो. त्यांत सर्वांत जवळचे वाटले ते स्वामीजींचे. कारण ते आपल्या अंबाजोगाईत मास्तर होते.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथला. कानडी मुलखात जन्मलेला, मराठी घरात वाढलेला हा मुलगा सोलापूरला शिकत होता. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक वारले. व्यंकटेशला तेव्हा सतरावे वर्ष चालू होते. त्याने त्या वेळी आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याची प्रतिज्ञा केली. सतराव्या वर्षीच्या प्रतिज्ञा आपणही करतो आणि अठराव्या वर्षी विसरतो. हा विसरला नाही, एवढाच फरक. पण तो एवढाच फार मोठा आहे.

लगोलग असहकाराची चळवळ आली. सरकारी शाळा-कॉलेजांवर बहिष्कार घाला, अशी गांधीजींची हाक होती आणि देशभर कितीतरी मुलांनी त्या हाकेसरशी शाळा सोडल्या. त्यांतले पुष्कळ जण वर्षा-दोन वर्षांत परतही आले. त्यांना मी नावे ठेवणार नाही. घरची माणसे, भाकरीची चिंता आणि चळवळीचा ओसरता जोर यांपुढे पोरसवदा माणूस किती टिकणार? खेडगीकर मात्र राष्ट्रीय शिक्षणाच्या वाटेने गेले, ते पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठापर्यंत. हे विद्यापीठ १९२१ साली निघालेले. त्याच्या पदवीला सरकार दरबारी किंमत नव्हती. त्या पदवीवर ना कारकुनी मिळे, ना सरकारी शाळेतली मास्तरकी. असे असूनही त्यांनी तेथे एम.ए.पर्यंत अभ्यास केला आणि लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला.

नोकरीच्या बाजारात ज्या कागदाला मोल नाही, त्या कागदासाठी कोणी प्रबंध लिहीत बसेल काय? आपण तर अभ्यासक्रम निवडताना सगळ्यांत आधी त्याचा उपयोग विचारतो. मी स्वतःही विचारतो. परंतु लोकशाहीवरचा तो अभ्यास पुढे कोठे उपयोगी पडला ते पाहावे. ज्या हैदराबाद संस्थानात हा माणूस पुढे आला, तेथे लोकशाहीचा मागमूस नव्हता. सभा भरवायची तर सरकारची आगाऊ परवानगी लागे. त्यासाठी गश्ती निशाण ५३ नावाचे फर्मान होते. प्राथमिक शाळेच्या वर गेले की शिक्षणाचे माध्यम उर्दू. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांचा मराठवाडा अशा राज्यात पिढ्यानपिढ्या राहत होता. लोकशाही म्हणजे काय हे ज्याने पुस्तकांतून नीट समजून घेतले होते, असा माणूस येथे आला. पदवी बाजारात चालली नाही, अभ्यास मात्र आयुष्यभर चालला.

येथे मला एक गोष्ट मध्येच सांगावीशी वाटते, कारण आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्यांची वाट नेमकी उलटी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पदव्या टाकल्या नाहीत, मिळवल्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९१५ मध्ये एम.ए., लंडनहून १९२३ मध्ये डी.एस्सी., शिवाय बॅरिस्टरी. ज्या समाजाला शाळेच्या दारात उभे राहू दिले जात नव्हते, त्या समाजातल्या मुलाने शाळेवर बहिष्कार घालणे याला काही अर्थच नव्हता. दार मिळवणे हीच त्याची लढाई होती. म्हणूनच त्यांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उघडले. तेव्हा स्वामीजींनी शाळा सोडली म्हणून शाळा सोडणे थोर, आणि बाबासाहेबांनी पदव्या मिळवल्या म्हणून पदवी थोर, असे म्हणून चालणार नाही. आपण कोठे उभे आहोत, हे दोघांनीही आधी पाहिले. आपले उभे राहण्याचे ठिकाण कोणते, हे मात्र आपल्याला कोणत्याही चरित्रात तयार सापडत नाही.

शिक्षण संपल्यावर खेडगीकर मजूर चळवळीचे नेते ना. म. जोशी यांच्याकडे कामाला लागले. जोशी हे कामगार संघटनेच्या क्षेत्रातले देशातले पहिल्या फळीचे नाव. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या हुशार तरुणाला पुढे कामगार पुढारी म्हणून नाव काढता आले असते. परंतु १९२९ साली हा तरुण मोठ्या शहरांतले काम सोडून निजामाच्या राज्यातल्या हिप्परगा नावाच्या खेड्यात आला. आजच्या धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात हे गाव आहे. तेथे १९२१ साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली होती. तिचे मुख्याध्यापकपद खेडगीकरांनी पत्करले.

आजच्या भाषेत बोलायचे तर ही पीछेहाट झाली. आपल्यापैकी कोणी पुण्या-मुंबईची नोकरी सोडून आडगावच्या शाळेत शिकवायला आला, तर गावातच त्याच्याविषयी काय काय बोलले जाईल ते सर्वांना ठाऊक आहे. त्यातून ती शाळा खाजगी, सरकारच्या डोळ्यांवर आलेली. तेथे पगाराची आशा धरावी अशी परिस्थिती नव्हती. पण मराठीतून शिकवणारी, मुलांना देशाचा विचार देणारी शाळा त्या मुलखात दुर्मीळ होती. मुंबईत कामगारांचे काम करणारे अनेक होते, हिप्परग्यात हेडमास्तर व्हायला कोण येणार होते? मला वाटते, त्यांच्या सगळ्या निर्णयांची किल्ली येथे आहे. आपल्यावाचून कोणते काम अडले आहे, तिकडे ते पाहत.

हिप्परग्याच्या काळातच त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेश खेडगीकरांचे रामानंद तीर्थ झाले. ज्या स्वामी रामतीर्थांची परंपरा या नावामागे आहे, तेही मुळात लाहोरला गणिताचे प्राध्यापक होते, ही योगायोगाची गोष्ट मला गमतीची वाटते. संन्यास घेतला म्हणजे माणूस हिमालयात जातो, अशी आपली समजूत. हे स्वामी भगवी वस्त्रे घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेतच राहिले. त्यांच्या संन्यासात मुलांचे अभ्यास, परीक्षा, शिक्षकांच्या अडचणी हे सगळे बसत होते.

१९३५ मध्ये ते आणि त्यांचे काही सहकारी अंबाजोगाईला आले. निजामी अमलात या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते आणि येथे पूर्वी घोडदळाची छावणी होती. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांची पासोडी असलेल्या या गावात मराठीतून वरचे शिक्षण घेण्याची सोय मात्र नव्हती. बालाघाटाच्या डोंगरावरच्या या गावी योगेश्वरी नूतन विद्यालय उभे राहिले ते त्याच वर्षी, आणि स्वामीजी तेथले मुख्याध्यापक झाले. सोबत बाबासाहेब परांजपे होते, जे पुढे १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बीडमधून लोकसभेवर निवडून गेले. मराठवाड्याच्या पुढच्या लढ्यातले कितीतरी कार्यकर्ते या शाळेच्या वर्गांतून आणि शिक्षकांच्या खोलीतून तयार झाले. चळवळीचा इतिहास लिहिणारे लोक हे एका वाक्यात सांगून पुढे जातात. मी जरा थांबतो.

शाळा चालवणे म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात ज्यांनी जवळून पाहिले असेल त्यांना सांगायला नको. जागा मिळवायची, गावोगाव फिरून पालकांना पटवायचे, धान्य आणि वर्गणी गोळा करायची, शिक्षक टिकवायचे, इन्स्पेक्टरला तोंड द्यायचे. यातले कोणतेही काम भाषणात सांगण्याजोगे नाही. स्वामीजींच्या आयुष्यातली १९२९ ते १९३८ ही वर्षे अशा कामात गेली. वयाची पंचविशी ते पस्तिशी. आपण ज्या काळाला करिअर करण्याचा काळ म्हणतो, तो बरोबर हाच. आणि त्या काळात त्यांनी केले काय, तर दोन खेडवळ ठिकाणी मराठी शाळा उभ्या केल्या. जर १९३८ साली त्यांचे आयुष्य संपले असते, तर आज त्यांची प्रतिमा कोणत्याही कार्यालयात दिसली नसती. तरीसुद्धा ते आयुष्य वाया गेले, असे मी म्हणणार नाही. डी.एड. हा शेवटचा पर्याय समजून ज्या माझ्या मैत्रिणी तिकडे जात आहेत त्यांना हे मला मुद्दाम सांगायचे आहे.

पण १९३८ साली ही चांगली चाललेली शाळाही त्यांनी सोडली. त्याआधी १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले होते, गोविंदराव नानल अध्यक्ष होते. दुसरे अधिवेशन १९३८ मध्ये लातूरला झाले. निजामाच्या राज्यात जबाबदार राज्यपद्धती मागण्यासाठी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायची होती, तर तिच्या जन्माआधीच सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली. पूर्ण वेळ देणारी, घरदार नसलेली, तुरुंगाला न भिणारी माणसे हवी होती. स्वामीजी हेडमास्तरकी सोडून हैदराबादला गेले. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच महिन्यात ते तुरुंगात गेले.

उभे केलेले काम सोडणे हे न जमलेले काम सोडण्यापेक्षा कठीण असते, असे मला वाटते. न जमलेले सोडताना मन मोकळे होते. येथे शाळा वाढत होती, मुले जीव लावत होती. पण आपल्यामागे ती चालवणारे लोक तयार झाले आहेत, हे त्यांना दिसले असले पाहिजे. आणि ती चाललीही. योगेश्वरीचे नाव आज जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही?

त्याच १९३८ च्या नोव्हेंबरात आपल्यासारख्या विद्यार्थ्यांवरही निवडीची वेळ आली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत मुले वंदे मातरम् म्हणू लागली. अधिकाऱ्यांनी मनाई केली, मुलांनी ऐकले नाही आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे काढून टाकण्यात आली. मराठवाड्यात इंटरच्या पुढे शिकायचे तर त्या काळी उस्मानियाच गाठावे लागे. म्हणजे नाव कापले जाणे ही लहान शिक्षा नव्हती. एक गाणे म्हणण्यासाठी शिक्षण पणाला लावायचे की नाही, हे अठरा-वीस वर्षांच्या मुलांनी ठरवले. नागपूर विद्यापीठाने या मुलांना प्रवेश दिला म्हणून पुष्कळांचे शिक्षण सावरले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच, आणि स्वामीजींना गुरुस्थानी मानणाऱ्यांपैकी एक. सारेच काही नरसिंह राव झाले नाहीत. ज्यांचे शिक्षण तेथेच थांबले, जे गावी परत येऊन शेतीला लागले, त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. कोणी लिहून ठेवली असती तर फार बरे झाले असते.

यापुढचा इतिहास आपण पाठच केलेला आहे, म्हणून भराभर सांगतो. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह आणि पुन्हा तुरुंग. १९४२ मध्ये चले जाव आणि पुन्हा तुरुंग. १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली आणि स्वामीजी तिचे अध्यक्ष झाले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी हैदराबादेत तिरंगा फडकावल्याबद्दल त्यांना अटक झाली. मधल्या काळात सुटका आणि जानेवारी १९४८ मध्ये परत अटक. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आला आणि स्वामीजी बाहेर आले. त्यांना तेव्हा पंचेचाळिसावे वर्ष चालू होते.

मला अधिक विचार करायला लावतो तो त्यानंतरचा काळ. लढा जिंकलेला, नेतृत्व निर्विवाद, नवे राज्य, नवी मंत्रिमंडळे. त्यांच्या बरोबरीची माणसे सत्तेवर गेली. स्वामीजी मंत्री झाले नाहीत. १९५२ साली गुलबर्ग्याहून आणि १९५७ साली औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले. हैदराबाद राज्याचे भाषेनुसार विभाजन व्हावे, हा आग्रह त्यांनी धरला. १९५६ मध्ये ते झाले आणि ज्या राज्यात त्यांचा शब्द सर्वांत वजनदार होता ते राज्यच नकाशावरून पुसले गेले. आपल्या वजनाचा पाया आपल्याच हाताने काढून घेणारे राजकारणी किती असतात, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. या वर्षांत ते खादीच्या कामात होते, विनोबांच्या भूदानात होते आणि शिक्षण तर सुटलेच नव्हते. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले त्यामागेही ते होतेच. १९६२ नंतर ते लोकसभेत नव्हते. १९६७ मध्ये त्यांच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले.

हे सारे वाचताना माझ्या मनात एक शंका सारखी येत राहिली. ती येथे मांडली नाही तर हा लेख खोटा होईल. स्वामीजी एकटे होते. म्हाताऱ्या आईबापांच्या औषधाचा खर्च, बहिणीचे लग्न, मुकादमाची फिटायची राहिलेली उचल असले काही त्यांच्या मागे नव्हते. आधी मजूर चळवळ, मग शाळा, मग तुरुंग असे ज्याला करता येते, त्याच्या वाटेने कोयत्यावरच्या घरातला मुलगा कसा जाणार? आणि आमच्या वर्गातल्या ज्या मुलीचे लग्न परीक्षेच्या आधी ठरते, तिला तर निवडीचा पहिला अधिकारही मिळत नाही. भाषणे करणारी मंडळी या प्रश्नाला हात घालत नाहीत. सरांशी बोलताना मी हे म्हणालो तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यांनी लग्न न करण्याचे का ठरवले असेल, याचा विचार कर. सतराव्या वर्षी त्या मुलाने आपली बेडी कोणती होईल हे ओळखून ती आधीच टाळली, असा सरांचा रोख होता. माझे पूर्ण समाधान झाले नाही. एका माणसाने घर न मांडता काम केले म्हणून घर असलेल्यांचा प्रश्न सुटत नाही.

पण एक मात्र पटले. त्यांनी घेतलेले निर्णय आपल्याला घेता येणार नाहीत. ते घेण्यापूर्वी त्यांनी स्वतःला जे विचारले असेल, ते विचारायला पैसा किंवा मोकळीक लागत नाही. अभ्यासिकेत सहा-सहा वर्षे बसून जागांच्या जाहिरातीची वाट पाहणारे माझे मित्र आहेत. शेजारच्या लातूर पॅटर्नच्या ओढीने पोटाला चिमटा घेऊन मुलाला क्लासला घालणारे पालक आहेत. त्यांना कोणी, हे काम तुला जमते काय, हे काम तुझ्यावाचून अडले आहे काय, असे विचारत नाही. आणि तेही स्वतःला विचारत नाहीत, कारण उत्तर नकारार्थी आले तर करायचे काय, ही भीती. मला स्वतःला इतिहास शिकवायला आवडेल, असे दोन वर्षांपूर्वी मी म्हणू शकलो नसतो. जागा नाहीत हे तेव्हाही ठाऊक होते, आताही आहे. आता निदान कशाच्या जागा नाहीत हे मला माहीत आहे.

स्वामीजी २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादला वारले. पुढे १९९४ मध्ये नांदेडला नवे विद्यापीठ झाले, त्याला त्यांचे नाव मिळाले. ज्यांच्या स्वतःच्या पदवीला सरकारने कधी किंमत दिली नाही, त्यांचे नाव आता नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीकडच्या मुलांच्या पदवी प्रमाणपत्रावर छापलेले असते. आपला बीड जिल्हा बाबासाहेबांच्या विद्यापीठाकडे असल्यामुळे आपल्या प्रमाणपत्रावर ते नाव येत नाही. आपल्याकडे ते अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आहे. केज, धारूर, परळीकडून जीपमध्ये घालून रुग्ण आणतात तेव्हा एवढे लांब नाव कोण घेत बसणार? लोकांनी त्याचे स्वाराती करून टाकले आहे.